स्मार्ट वीज वितरण जाळ्यासाठी नियामकाने आदेशात काय लिहावे

वीज नियामक आयोग स्वतः एकही रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बसवत नाही आणि एकही वाहिनी टाकत नाही. त्याच्या हाती असतात ते विनियम, वीजदराचे आदेश आणि वितरण कंपनीच्या कोणत्या खर्चाला किती परतावा द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार. वितरण जाळे स्मार्ट व्हावे, म्हणजे त्याला आपली स्थिती वेळीच कळावी आणि त्यानुसार वीज वळवता यावी असे वाटत असेल, तर ते याच साधनांनी घडवून आणावे लागते. पुष्कळ ठिकाणी सुरुवात उलट्या टोकाकडून होते: अमुक वर्षापर्यंत इतके लाख स्मार्ट मीटर बसवा, असा आदेश निघतो. मीटर बसतात, त्यांचा खर्च वीजदरात येतो आणि कंपनीचा कारभार मात्र पूर्वीच्याच पद्धतीने चालू राहतो, कारण तिचा नफा ज्यावर ठरतो ते सूत्र कोणी बदललेले नसते. पुढील मार्गदर्शन आयोगाचे सदस्य, त्यांचे तांत्रिक व वित्तीय अधिकारी आणि सुनावणीत ग्राहकांची बाजू मांडणारे प्रतिनिधी यांच्यासाठी आहे.

आधी जाळ्यातील आंधळी जागा शोधावी

बहुतेक वितरण जाळ्यांमध्ये उपकेंद्रापर्यंतची स्थिती नियंत्रण कक्षाला दिसत असते. उच्चदाब वाहिन्यांवरील भार, ब्रेकर चालू आहे की बंद, मोठ्या रोहित्राचे तापमान ही माहिती पडद्यावर येते. त्याखालच्या भागात, म्हणजे वितरण रोहित्रांवर आणि लघुदाब वाहिन्यांवर, काय चालले आहे हे कंपनीला बहुधा ग्राहकाचा फोन आल्यावरच कळते. वीज उपकेंद्राकडून घराकडे अशी एकाच दिशेने वाहत होती तोवर एवढ्यावर भागत होते. छतावरील सौर पॅनेल, विजेवर चालणारी वाहने आणि बॅटऱ्या आल्यापासून मात्र हीच आंधळी जागा अडचणीची ठरू लागली आहे. दुपारी मागणी कमी आणि सौरनिर्मिती भरपूर असली की वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज वाढते आणि सौर पॅनेलची वीज जाळ्यात देणारे इन्व्हर्टर आपोआप बंद पडतात. संध्याकाळी त्याच वाहिनीवर वाहनांचे चार्जिंग एकदम सुरू झाले की रोहित्र तापते.

म्हणून पहिला आदेश खरेदीचा नसावा, माहितीचा असावा. प्रत्येक वाहिनीवरील वर्षातील कमाल भार किती होता, तो किती तास टिकला, वीजपुरवठा किती वेळा आणि किती मिनिटे खंडित झाला, वीजहानी किती झाली आणि आणखी किती सौरनिर्मिती त्या वाहिनीला सामावून घेता येईल, हे कंपनीने ठरलेल्या नमुन्यात सादर करावे आणि त्यातील जेवढे सुरक्षिततेच्या दृष्टीने खुले करता येईल तेवढे नकाशासह संकेतस्थळावर ठेवावे. किमान तीन वर्षांची आकडेवारी हाती आल्याशिवाय पुढची उद्दिष्टे ठरवू नयेत; एका वादळी वर्षाला आधार मानले, तर पुढचे प्रत्येक वर्ष कंपनीचे कर्तृत्व म्हणून मिरवले जाते.

ही माहिती नीट वाचली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते: सगळ्या जाळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. जिथे वीजहानी आणि चोरी ही मुख्य दुखणी आहेत, तिथे आधी वाहिनीवर आणि वितरण रोहित्रावर मीटर बसवून ऊर्जेचा ताळमेळ घालणे, म्हणजे किती वीज आत गेली आणि किती बिलात आली हे जुळवून पाहणे, उपयोगाचे ठरते. जिथे पुरवठा तासन्‌तास खंडित होतो, तिथे बिघाड दाखवणारे संवेदक आणि दूरनियंत्रित स्विच यांचा फायदा सर्वात लवकर दिसतो, कारण बिघाड झालेला तुकडा वेगळा करून उरलेल्या ग्राहकांना दुसऱ्या वाहिनीवरून वीज देता येते. घरोघरी स्मार्ट मीटर हे काम बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर येते, जरी जाहिरातीत ते पहिल्या क्रमांकावर असले तरी.

कंपनीचा नफा कोठून येतो ते तपासावे

या विषयाचा गाभा इथे आहे. गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक परतावा देण्याच्या पद्धतीत कंपनीचा ओढा भांडवली खर्च वाढवण्याकडे असतो, हे हार्वे ॲव्हर्च आणि लेलँड जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी 1962 मध्येच दाखवून दिले होते. स्मार्ट जाळ्याच्या बाबतीत हा ओढा विशेष घातक ठरतो, कारण स्मार्ट उपाय अनेकदा लोखंड-तांब्याऐवजी सॉफ्टवेअर, करार आणि सेवा यांवर चालतात.

एक सोपा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका उपकेंद्रातील रोहित्रावर वर्षातील जेमतेम 40 तास क्षमतेहून अधिक भार येतो. नवे रोहित्र बसवायला 100 एकके (एकक म्हणजे पैशाचे कोणतेही माप) खर्च येतो. दुसरा मार्ग असा, की तेवढ्या तासांपुरता भार कमी करण्यासाठी मोठे ग्राहक, चार्जिंग केंद्रे आणि बॅटरीधारक यांच्याशी करार करावेत. त्याला वर्षाला 4 एकके लागतात आणि त्यामुळे रोहित्राची खरेदी 5 वर्षे पुढे ढकलता येते. 8 टक्के दराने हिशेब केला, तर 5 वर्षांनी करायच्या 100 एककांच्या खर्चाचे आजचे मूल्य सुमारे 68 होते, म्हणजे 32 एकके वाचतात. करारांच्या पाच वर्षांच्या मोबदल्याचे आजचे मूल्य सुमारे 16 आहे. तेव्हा ग्राहकांचे 16 एककांनी भले होते. शिवाय या काळात मागणी अंदाजाइतकी वाढली नाही, तर रोहित्राचा खर्च आणखी पुढे जातो.

कंपनीच्या वहीत मात्र हाच हिशेब वेगळा दिसतो. रोहित्र घेतले की 100 एकके तिच्या मालमत्तेत जमा होतात आणि त्यांवर 8 टक्के परतावा मंजूर होतो. तिला प्रत्यक्षात भांडवल 6 टक्क्यांनी मिळत असेल, तर पहिल्याच वर्षी 2 एकके उरतात आणि घसाऱ्यानुसार कमी होत ती पुढील कित्येक वर्षे उरत राहतात. करारांचा मोबदला हा परिचालन खर्च, म्हणजे रोजच्या कारभाराचा खर्च, असल्याने जसा झाला तसा वीजदरात जातो आणि त्यावर कंपनीला काहीच मिळत नाही. अशा परिस्थितीत कंपनी रोहित्रच घेणार. त्यासाठी तिला दोष देण्यात अर्थ नाही, सूत्र आयोगाने लिहिलेले आहे.

यावरचा सर्वात सरळ उपाय म्हणजे भांडवली आणि परिचालन खर्च वेगवेगळे न मोजता एकत्र मोजणे. एकूण खर्चाचा ठरावीक हिस्सा, उदाहरणार्थ 70 टक्के, तो कशावरही झालेला असो, मालमत्तेत धरायचा आणि उरलेला त्याच वर्षी वसूल होऊ द्यायचा. त्याबरोबर मंजूर रकमेपेक्षा कमी खर्चात तेच काम झाले, तर बचतीचा ठरावीक वाटा कंपनीला ठेवू द्यायचा. वरच्या उदाहरणातील 16 एककांपैकी 6 किंवा 7 कंपनीला मिळाली, तरी ग्राहक फायद्यातच राहतात. ब्रिटनच्या ऑफजेम या नियामकाने वितरण कंपन्यांसाठी एप्रिल 2015 पासून सुरू केलेल्या दरचौकटीत ही एकत्रित खर्चाची पद्धत वापरली. न्यूयॉर्क राज्याच्या आयोगाने 2014 मध्ये थोडा वेगळा मार्ग घेतला. ब्रुकलिन आणि क्वीन्स या भागांत वाढत्या मागणीसाठी सुमारे 1 अब्ज डॉलरचे उपकेंद्र उभारण्याचा प्रश्न होता. त्याऐवजी 20 कोटी डॉलरपर्यंतचा मागणी-व्यवस्थापनाचा कार्यक्रम मंजूर करण्यात आला, तो खर्च 10 वर्षांत परताव्यासह वसूल करण्याची मुभा कंपनीला देण्यात आली आणि उद्दिष्टे गाठल्यास 1 टक्क्यापर्यंत अधिक परतावा देऊ केला गेला. संपूर्ण दरपद्धती एकदम बदलणे शक्य नसेल, तर एखाद्या प्रकल्पापुरती अशी सवलत हा चांगला प्रारंभ ठरतो.

बचतीत वाटा देण्यात एक धोका असतो आणि तो गृहीत धरूनच चालावे. मागणीचा अंदाज मुद्दाम फुगवून सादर केला, तर न झालेला खर्च आपोआप 'बचत' म्हणून दिसतो. म्हणून अंदाज तपासण्यासाठी आयोगाकडे स्वतःचे स्वतंत्र गणिती प्रारूप असावे, अनेक कंपन्या असतील तर त्यांच्या प्रति-ग्राहक आणि प्रति-किलोमीटर खर्चाची तुलना करावी, आणि मागणी ठरावीक मर्यादेबाहेर बदलल्यास मंजूर रक्कम आपोआप बदलेल अशी तरतूद ठेवावी.

याच सूत्राचा दुसरा भाग विक्रीशी बांधलेल्या महसुलाचा आहे. जितकी युनिटे विकली जातील तितका महसूल, असा नियम असेल तर ऊर्जा बचत, छतावरील सौरनिर्मिती किंवा व्होल्टेज आटोक्यात ठेवून होणारी बचत या सगळ्यांतच कंपनीला तोटा दिसतो. आयोगाने वर्षाचा मंजूर महसूल आधी ठरवावा आणि प्रत्यक्ष वसुली त्यापेक्षा कमी-जास्त झाल्यास फरक पुढील वर्षीच्या दरात समायोजित करावा. कॅलिफोर्नियात वीज कंपन्यांसाठी ही व्यवस्था 1980 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली.

दरनिश्चितीचा कालावधीही महत्त्वाचा असतो. दरवर्षी प्रत्यक्ष खर्च तपासून तो जसाच्या तसा मान्य करण्याची प्रथा असेल, तर बचत करण्याचे कारणच उरत नाही, कारण आज वाचवलेले पुढच्या वर्षी काढून घेतले जाते. दुसऱ्या टोकाला, फार लांब कालावधीत तंत्रज्ञान आणि मागणीचे अंदाज पार शिळे होतात. ब्रिटनमध्ये वितरणासाठी 8 वर्षांची चौकट वापरून झाल्यावर 2023 पासून पुन्हा 5 वर्षांची चौकट आली. 4 ते 5 वर्षे हा काळ बहुतेक ठिकाणी योग्य वाटतो.

लहान दिसणारी पण अडवणूक करणारी एक बाब इथेच सांगितली पाहिजे. संगणकीय सेवा भाड्याने घेतली तर ती परिचालन खर्चात जाते आणि स्वतःचे सर्व्हर विकत घेतले तर ती मालमत्ता होते; त्यामुळे कंपन्या गरज नसताना सर्व्हर विकत घेतात. एकत्रित खर्चाची पद्धत नसेल, तर किमान दीर्घ मुदतीच्या सॉफ्टवेअर-सेवा करारांना मालमत्तेसारखे वागवण्याची परवानगी आयोगाने द्यावी. घसाऱ्याचे दरही तपासावेत. संप्रेषण उपकरणे आणि संवेदक यांना रोहित्राइतके दीर्घ आयुष्य असते असे मानून घसारा लावला, तर ती कालबाह्य झाल्यावरही त्यांची किंमत ग्राहकांच्या बिलात वर्षानुवर्षे उरते.

यंत्रे मोजण्याऐवजी परिणाम मोजावेत

आयोगाने कंपनीला सांगावे ते काय साधायचे हे. कोणत्या यंत्राने साधायचे हे तिच्यावर सोडावे. मोजण्याजोगे परिणाम फार नसतात: प्रति ग्राहक खंडित पुरवठ्याची मिनिटे व वेळा, वीजहानी, व्होल्टेजचा दर्जा, नवी जोडणी आणि सौर जोडणी मिळण्यास लागणारा काळ, आणि जाळ्याच्या मर्यादेमुळे वाया गेलेली सौर किंवा पवनऊर्जा. चार-पाच निर्देशांक पुरे होतात. पंधरा-वीस ठेवले की प्रत्येकाचे वजन इतके घटते की कंपनी सोपे तेवढे उचलते.

नॉर्वेने 2001 पासून न पुरवलेल्या विजेची ग्राहकांना पडणारी किंमत कंपनीच्या मान्य महसुलातून वजा करण्याची पद्धत सुरू केली. घरगुती ग्राहक, उद्योग आणि सेवा यांच्यासाठी ही किंमत वेगवेगळी धरली जाते, त्यामुळे बिघाडाचा खर्च कंपनीच्या स्वतःच्या हिशेबात येतो आणि दूरनियंत्रित स्विच कोठे बसवायचा हे ती आपणहून ठरवते. इटलीने 2000 पासून आणि ब्रिटनने 2002 पासून पुरवठ्याच्या सातत्यावर बक्षीस आणि दंड ठेवले आहेत. उद्दिष्टाभोवती एक तटस्थ पट्टा ठेवणे शहाणपणाचे असते. समजा उद्दिष्ट प्रति ग्राहक वर्षाला 90 मिनिटांचे असेल, तर 85 ते 95 मिनिटांच्या दरम्यान ना बक्षीस ना दंड, आणि दोन्ही बाजूंना कमाल रकमेची मर्यादा. अन्यथा हवामानातील साध्या चढउतारांवरच पैसे इकडून तिकडे जात राहतात.

मोजमापाच्या बाबतीत एक गोष्ट हमखास घडते आणि तिची तयारी आधीच ठेवावी. लघुदाब वाहिन्यांवर संवेदक आणि स्मार्ट मीटर बसले की खंडित पुरवठ्याची नोंदलेली मिनिटे कमी होण्याऐवजी वाढतात, कारण पूर्वी कोणी न नोंदवलेले बिघाडही आता नोंदले जातात. आधाररेषा, म्हणजे तुलनेसाठी धरलेला मूळ आकडा, तीच ठेवली, तर चांगले मोजणाऱ्या कंपनीलाच दंड होतो आणि पुढच्या वेळी ती मोजण्याचे टाळते. मोजमापाची पद्धत बदलल्यास एक-दोन वर्षे जुनी आणि नवी आकडेवारी समांतर ठेवून आधाररेषा नव्याने ठरवली जाईल, असे आदेशातच लिहावे.

आकड्यांवर पैसा अवलंबून असला की आकडे सजवले जातात. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने बक्षिसाशी जोडलेली ग्राहक-समाधानाची माहिती फिरवल्याचे उघडकीस आले आणि 2008 मध्ये तेथील आयोगाने मिळालेली बक्षिसे परत करण्याचा आदेश देऊन वर 3 कोटी डॉलर दंड केला. तेव्हा कंपनीने भरून दिलेल्या तक्त्यावर न विसंबता मीटरमधील मूळ नोंदींची नमुना तपासणी त्रयस्थाकडून दरवर्षी करून घ्यावी.

प्रयोगांना वेगळा पैसा द्यावा

एकत्रित खर्च आणि परिणामांवर आधारित बक्षीस या व्यवस्थेत कंपनी ओळखीचे उपाय करते. ज्याचा निकाल अनिश्चित आहे त्याला हात लावत नाही. अशा प्रयोगांसाठी मर्यादित रकमेचा स्वतंत्र निधी लागतो. ब्रिटनमध्ये 2010 ते 2015 या काळात वितरण कंपन्यांच्या प्रयोगांसाठी 50 कोटी पौंडांपर्यंतचा निधी होता आणि त्यातील मोठी रक्कम कंपन्यांमधील स्पर्धेतून दिली जात असे. इटलीने 2010 मध्ये स्पर्धेतून निवडलेल्या प्रत्यक्ष जाळ्यावरील प्रयोगांना 12 वर्षे 2 टक्के अधिक परतावा देऊ केला. दोन्हींमधील सामायिक अट अशी की निष्कर्ष सर्वांसाठी खुले असावेत. ग्राहकांच्या पैशातून मिळालेले ज्ञान एका कंपनीच्या कपाटात राहू नये, आणि फसलेल्या प्रयोगाचा अहवाल तर अधिक काळजीपूर्वक प्रसिद्ध व्हावा.

प्रयोग मंजूर करतानाच तो यशस्वी झाल्यास पुढे काय, हेही ठरवावे. यशस्वी प्रयोग तिथेच संपतात ही सर्वत्र आढळणारी रड आहे, आणि तिचे कारण बहुधा तांत्रिक नसते: प्रयोगाचा खर्च निधीतून भागलेला असतो आणि विस्ताराचा खर्च कोणत्याही शीर्षाखाली बसत नाही.

लवचीकतेची खरेदी आणि जोडणीचे नियम

ज्या वाहिनीवर जागा नाही असे सांगून सौर किंवा पवन प्रकल्पाची जोडणी नाकारली जाते, तिथे अडचण वर्षातील मोजक्या तासांचीच असते. प्रकल्पाने त्या तासांत निर्मिती कमी करण्याचे मान्य केले, तर जोडणी लगेच देता येते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर 2009 पासून अशी सक्रिय नियंत्रण व्यवस्था चालू झाली आणि नवी समुद्राखालची केबल न टाकता अधिक पवनऊर्जा जोडता आली. आयोगाने अशा लवचीक जोडणीचा नमुना करार मंजूर करावा. त्यात वर्षाला जास्तीत जास्त किती निर्मिती कमी केली जाईल, कोणाला आधी थांबवले जाईल आणि मर्यादा ओलांडल्यास भरपाई किती, हे स्पष्ट असावे; नाहीतर प्रकल्पाला कर्ज मिळत नाही.

मागणीच्या बाजूने हेच काम निविदेद्वारे करावे. युरोपीय संघाच्या 2019 च्या वीजबाजार निर्देशाने वितरण कंपन्यांना अशी लवचीकता, म्हणजे गरजेच्या तासांत मागणी किंवा निर्मिती कमी-जास्त करण्याची तयारी, विकत घेण्यास वाव आणि प्रोत्साहन देणारी नियामक चौकट सदस्य देशांनी करावी असे सांगितले आहे, आणि जाळ्याच्या विकासाचा आराखडा किमान दर दोन वर्षांनी प्रसिद्ध करण्याचे बंधनही घातले आहे. ही दुसरी अट पहिलीइतकीच मोलाची आहे, कारण कोठे, केव्हा आणि किती भार कमी हवा आहे हे आगाऊ कळल्याशिवाय निविदेला कोणी येत नाही. वितरण कंपनीच्या समूहातलीच दुसरी कंपनी बॅटरी किंवा चार्जिंगचा व्यवसाय करत असेल, तर तिला आतली माहिती आधी मिळणार नाही यासाठी हिशेब, कर्मचारी आणि माहिती यांची काटेकोर विभागणी करावी.

मीटर, वीजदर आणि ग्राहकांची माहिती

स्मार्ट मीटरच्या बाबतीत तीन देशांचे अनुभव वाचण्यासारखे आहेत. इटलीतील सर्वात मोठ्या वितरण कंपनीने 2001 पासून काही वर्षांतच सुमारे 3 कोटी मीटर बदलले. तिला त्यात वाचन, जोडणी-तोडणी आणि वीजचोरी यांवरील स्वतःचा खर्च कमी होताना दिसत होता, आणि नियामकाने सर्व कंपन्यांवर बंधन घातले ते त्यानंतर, 2006 मध्ये. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात 2009 पासून सक्तीने मीटर बसवले गेले, पण 2010 मध्येच वेळेनुसार बदलणाऱ्या दरांना सरकारने स्थगिती दिली. अपेक्षित लाभांचा मोठा भाग त्या दरांवर अवलंबून होता, आणि 2015 मध्ये राज्याच्या महालेखापरीक्षकांनी ग्राहकांना एकूण तोटाच झाल्याचे नोंदवले. नेदरलँड्समध्ये 2009 साली वरिष्ठ सभागृहाने खासगीपणाच्या कारणावरून सक्तीच्या मीटरचे विधेयक रोखले आणि नंतर ग्राहकाला नकार देण्याचा अधिकार देऊन कायदा बदलण्यात आला.

यातून तीन कामे निघतात. मीटरच्या खर्चाला मंजुरी देताना लाभांचा हिशेब कोणत्या गोष्टींवर टेकलेला आहे ते आदेशात नोंदवावे आणि कंपनीच्या खर्चात होणारी घट मंजूर खर्चातून आधीच वजा करावी. वेळेनुसारचे दर लागू करण्यापूर्वी किमान एक वर्ष ग्राहकाला जुन्या दराच्या बिलासोबत नव्या दराने किती बिल आले असते तेही छापून द्यावे. ज्यांचे बिल वाढणार आहे अशा, विशेषतः अल्प उत्पन्नाच्या किंवा वैद्यकीय उपकरणांवर अवलंबून असलेल्या ग्राहकांसाठी वेगळी तरतूद तेव्हाच करता येते. आणि पंधरा किंवा तीस मिनिटांच्या नोंदींवरून घरात कोणी आहे की नाही हे कळू शकत असल्याने, जाळे चालवण्यासाठी रोहित्रनिहाय एकत्रित माहिती पुरत असेल तर घरनिहाय माहिती ग्राहकाच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही, असा नियम करावा. ग्राहकाला स्वतःची माहिती मात्र विनामूल्य आणि यंत्राने वाचता येईल अशा स्वरूपात मिळावी.

वेळापत्रक असे ठेवता येईल: पहिल्या वर्षी माहितीचा आदेश आणि आधाररेषा, त्याच वर्षी प्रयोग-निधी व लवचीक जोडणीचा नमुना करार, कारण या दोन्हींना दरपद्धती बदलण्याची वाट पाहावी लागत नाही, दुसऱ्या वर्षी चर्चापत्र, हरकती-सूचना आणि जाहीर सुनावणी, आणि पुढील बहुवार्षिक दरनिश्चितीपासून एकत्रित खर्चाची व परिणामांवरील बक्षीस-दंडाची पद्धत. मधल्या आढाव्यात कोणत्या बाबी बदलता येतील आणि कोणत्या नाहीत याची यादी मूळ आदेशाला जोडावी. बचतीतील कंपनीचा वाटा न बदलता येणाऱ्या बाबींत असावा. कंपनीने खरोखरच बचत करून दाखवल्यावर तो कमी करण्याचा दबाव आयोगावर येतोच, आणि तो एकदा मानला की पुढच्या दरकालावधीत कोणतीही कंपनी त्या कलमावर विश्वास ठेवून गुंतवणुकीचा निर्णय घेत नाही.